आव्हान की आवाहन? रोजच्या मराठीतल्या चुका मुळापासून दुरुस्त करण्याची पद्धत

‘नागरिकांनी मोठ्या संख्येने रक्तदान करावे, असे आव्हान मंडळातर्फे करण्यात येत आहे.’ असे फलक गावोगावी दिसतात. अर्थ कळतो, म्हणून कुणी अडत नाही. पण आव्हान द्यायचे असते प्रतिस्पर्ध्याला. रक्तदात्याला करायचे ते आवाहन. दोन्ही शब्द जिवंत आहेत, दोघांचे काम वेगळे आहे आणि एकाला दुसऱ्याच्या जागी बसवले की भाषेतला एक शब्द हळूहळू निकामी होतो.

अशा चुका याद्या पाठ करून जात नाहीत. शंभर शब्दांची यादी भिंतीवर लावली तरी एकशेएकावा शब्द अडतोच. चूक कुठून येते हे कळले, तर एका नियमाने पन्नास शब्द सुटतात. म्हणून इथे क्रम कारणांचा आहे: आधी जीभ आणि कान, मग शब्दाची फोड, मग ऱ्हस्व-दीर्घ, मग हिंदीतून शिरलेले वापर आणि शेवटी टंकलेखन व छपाई. निवेदन करणारे, शाळेत शिकवणारे, पत्रिका किंवा सोसायटीच्या सूचना लिहिणारे, या सगळ्यांना तो सोयीचा पडेल.

चूक कशाला म्हणायचे नाही

वऱ्हाडात ‘डोळा’चा ‘डोया’ होतो, ‘पाणी’चे ‘पानी’ होते. मालवणी, अहिराणी यांचे स्वतःचे नियम आहेत. ती बोलींची रीत आहे, चूक नव्हे. प्रमाण उच्चार लागतो तो बातम्या, वर्गातले वाचन, निवेदन आणि कवितावाचन यांसाठी. एखाद्याच्या न-ण वर हसले की तो माणूस चारचौघांत तोंड उघडायचा बंद होतो, आणि ते नुकसान कोणत्याही अशुद्ध शब्दापेक्षा मोठे आहे. घरी ‘पानी’ म्हणणाऱ्या मुलाला ‘पाणी’ शिकवावे ते भर म्हणून. घरचा शब्द पुसून नव्हे.

खरी चूक दोन ठिकाणी होते. एक, ऐकणाऱ्याला भलताच अर्थ लागतो. दोन, शब्दाची घडणच मोडते. ‘दुरावस्था’ हा शब्द कुठल्याच बोलीतला नाही, तो नुसता चुकीचा जोडलेला आहे.

च, ज, झ : अक्षर एक, उच्चार दोन

इंग्रजी किंवा हिंदी माध्यमात शिकलेल्यांचे मराठी वाचन इथेच सर्वांत जास्त अडखळते. ‘चांगला’ शब्दातला च ते ‘चित्र’मधल्या चसारखा म्हणतात. दोष त्यांचा नाही. लिपी हा फरक दाखवतच नाही.

तालव्य उच्चारात जिभेचा पसरट भाग टाळूला टेकतो: चित्र, जीवन. दंततालव्य उच्चारात जिभेचे टोक वरच्या दातांच्या मुळाशी टेकते आणि त-स मिसळल्यासारखा आवाज येतो: चाक, चूल, चोर. जचा असाच उच्चार ‘जाळे’, ‘जोडा’, ‘रोज’ या शब्दांत होतो आणि झचा ‘झाड’, ‘झोप’ यांत.

कोणता कुठे, हे ठरवताना तीन प्रश्न याच क्रमाने विचारा. पहिला: पुढे इ, ई, ए किंवा य आहे का? असेल तर उच्चार तालव्य. म्हणून चेहरा, जिरे, जेवण, झेंडा हे तालव्य. ‘जिल्हा’ अरबीतून आलेला, तरी इकारामुळे तालव्यच. दुसरा: शब्द संस्कृतातून जसाच्या तसा आलेला आहे का? असेल तर तालव्य: चंद्र, चरण, जल, समाज, राजा. तिसरा: यांपैकी काहीच नाही? मग बहुधा दंततालव्य: चांगला, चाळ, जमीन, बाजार. अपवाद थोडे आहेत आणि ते लक्षात ठेवावे लागतात. ‘चार’ ही संख्या आणि ‘चहा’, दोन्ही तालव्य.

पहिला नियम किती काटेकोर आहे ते एकाच शब्दाच्या रूपांत दिसते. ‘माझा’मधला झ दंततालव्य, ‘माझी’ आणि ‘माझ्या’मधला तालव्य. ‘घरचा’मध्ये एक च, ‘घरची’मध्ये दुसरा. पायातला एक ‘मोजा’, जोडीचे ‘मोजे’, ज बदलला. मराठी घरात वाढलेला माणूस हे न शिकता करतो, म्हणूनच शिकवताना त्याला हे सांगता येत नाही.

अर्थ बदलणाऱ्या जोड्या कानाला लावून घ्या. जग (दुनिया) तालव्य, पण ‘शंभर वर्षे जग’ मधला दंततालव्य. ‘देवाचा जप’ तालव्य, ‘जिवाला जप’ दंततालव्य. जरा म्हणजे म्हातारपण तालव्य, ‘जरा थांब’ मधला दंततालव्य. ‘चार गुरे’ आणि ‘गुरे चार’ यांतही तोच फरक.

सराव असा करा. वर्तमानपत्रातला दहा ओळींचा मजकूर घ्या. प्रत्येक च, ज, झ वर पेन्सिलीने गोल करा आणि दंततालव्य असेल त्याच्या खाली टिंब द्या. मग सावकाश वाचा, मोबाइलवर ध्वनिमुद्रण करा आणि फक्त टिंबाची अक्षरे ऐका. पंधरा दिवसांनी टिंबांशिवाय वाचून बघा. जिभेला वळण लावायला ‘चोराने चार चाके चोरली’ हे वाक्य चांगले आहे. यात फक्त ‘चार’मधला च तालव्य आहे आणि घाईत तोच घसरतो.

ळ आणि ण

दोन्ही अक्षरे मूर्धन्य आहेत, म्हणजे जिभेचे टोक मागे वळवून म्हणायची. ज्यांना ती जमत नाहीत त्यांची जीभ सहसा दातांजवळ सरळच राहते, म्हणून ळचा ल आणि णचा न होतो.

1. तोंड थोडे उघडे ठेवा आणि ‘ट’ म्हणा. जिभेचे टोक टाळूला जिथे लागते ती जागा लक्षात घ्या.
2. टोक त्याच जागी टेकवून नाकातून आवाज सोडा. हा ण.
3. टोक आणखी जरा मागे वळवा, टाळूला हलके टेकवा आणि पुढे झटकत खाली आणा. हा ळ. दाबून धरू नका. दाबले की ‘ड’ ऐकू येतो.
4. आधी दोन स्वरांच्या मध्ये म्हणा: आळा, आळी, आळू. मग शेवटी: बाळ, केळ, डाळ. मराठीत ळने शब्द सुरू होत नाहीत, त्यामुळे तो सराव करायची गरजच नाही.

मग जोड्या घ्या: काल-काळ, वेल-वेळ, चाल-चाळ, नाल-नाळ, कल-कळ; तसेच मन-मण, तान-ताण, खान-खाण, जन-जण. दुसऱ्या कुणाला यातला एक शब्द म्हणायला सांगा आणि तुम्ही कोणता ऐकला ते लिहा. कान ओळखत नसेल तर जीभ कितीही वळवली तरी उपयोग होत नाही.

बाकीचे उच्चार थोडक्यात. मराठीत ज्ञ हा ‘द्न्य’, ‘ग्य’ नव्हे. ऋ चा उच्चार ‘रु’कडे झुकतो, म्हणून ऋषी म्हणताना ‘रिषी’ नको. अनुस्वार पुढच्या अक्षराप्रमाणे बदलतो: ‘संप’मध्ये म्, ‘संत’मध्ये न्, ‘दंड’मध्ये ण्. ‘तुम्ही’, ‘जिल्हा’, ‘म्हणून’ यांतला ह निवेदनात गिळू नका.

शब्द फोडून पाहा

लिखाणातल्या सर्वांत ठळक चुका संधी न कळल्यामुळे होतात. उपाय एकच: शब्द दोन तुकड्यांत फोडा, तुकडे अर्थपूर्ण आहेत का पाहा आणि पुन्हा जोडा.

दुर् + अवस्था. र् मध्ये अ मिसळला की ‘र’ होतो, ‘रा’ नव्हे. म्हणून रस्त्यांची दुरवस्था. त्याच चालीने अन् + अधिकृत म्हणजे अनधिकृत. ‘अनाधिकृत बांधकाम’ ही पाटी चुकीची. अति + अधिक म्हणजे अत्यधिक. लक्ष + अधीश मध्ये अ आणि अ एकत्र येऊन आ होतो, म्हणून लक्षाधीश बरोबर. पण कोटि + अधीश मध्ये इचा य होतो, म्हणून कोट्यधीश. ‘कोट्याधीश’ हा लक्षाधीशाच्या नादाने तयार झालेला शब्द आहे.

‘उपाहारगृह’ या शब्दाची फोड उप + आहार. आहार असल्यामुळे ‘पा’ हवाच. ‘उपहार’ म्हणजे भेटवस्तू, त्यामुळे ‘उपहारगृह’ म्हणजे भेटवस्तूंचे दुकान ठरते.

त्त की त, हा घोळही इथेच सुटतो. महत् + त्व: पहिल्या तुकड्याच्या शेवटी त् आहे, दुसऱ्याच्या सुरुवातीला आहे, म्हणून महत्त्व. तत् + त्व म्हणजे तत्त्व, सत् + त्व म्हणजे सत्त्व, व्यक्तिमत् + त्व म्हणजे व्यक्तिमत्त्व. पण नेतृ + त्व मध्ये आधी त् नाही, म्हणून नेतृत्व. कर्तृत्व, प्रभुत्व, दायित्व हेही एकाच तचे. नियम अर्धवट कळलेले लोक ‘नेतृत्त्व’ लिहू लागतात, म्हणून दोन्ही बाजू सांगितल्या. तत् + ज्ञ म्हणजे तज्ज्ञ आणि उत् + ज्वल म्हणजे उज्ज्वल. दोन्हींत त् चा ज् झालेला आहे, तो गाळू नका.

‘इक’ प्रत्यय लागला की शब्दाचा फक्त पहिला स्वर वाढतो. समाज – सामाजिक, परंपरा – पारंपरिक. ‘पारंपारिक’मध्ये तो दोनदा वाढवला जातो. व्यवहार – व्यावहारिक मध्ये उलट चूक होते. पहिला स्वर वाढवायचाच राहतो आणि ‘व्यवहारिक’ लिहिले जाते. कार्यालयांत ‘सहाय्यक’ सर्रास चालते. शब्द ‘सहायक’ आहे आणि त्याचे काम ‘साहाय्य’.

‘परोक्ष’ म्हणजे डोळ्यांआड. ‘माझ्या अपरोक्ष निर्णय घेतला’ असे म्हणणारा प्रत्यक्षात ‘माझ्या डोळ्यांसमोर घेतला’ अशी तक्रार करत असतो. त्याला म्हणायचे असते ‘माझ्या परोक्ष’. ही चूक शिकलेल्यांच्या तोंडी जास्त सापडते, कारण ‘अ’ लावला की शब्द वजनदार वाटतो.

ऱ्हस्व-दीर्घ: पाच नियमांत बहुतेक काम

मराठी साहित्य महामंडळाने तयार केलेले लेखनाचे १४ नियम शासनाने १९६२ मध्ये स्वीकारले. १९७२ मध्ये त्यांत चारांची भर पडली. सगळे १८ पाठ नसले तरी पुढचे पाच हाताशी ठेवा.

शब्दाच्या शेवटचा इकार-उकार दीर्घ: कवी, गती, बुद्धी, सुरू, वस्तू. ‘आणि’, ‘नि’, तसेच ‘परंतु’, ‘तथापि’, ‘यथामति’ यांसारखी अव्यये ऱ्हस्वच राहतात.

तोच शब्द समासात पहिल्या जागी आला किंवा त्याला संस्कृत प्रत्यय लागला आणि मूळ संस्कृतात ऱ्हस्व असला, तर ऱ्हस्व होतो: बुद्धी पण बुद्धिमान, गती पण गतिशील, विद्यार्थी पण विद्यार्थिसंघ. ‘लक्ष्मी’ मुळातच दीर्घ, म्हणून लक्ष्मीपुत्र.

शब्दाचे शेवटचे अक्षर अकारान्त असेल तर त्याच्या आधीचा इकार-उकार दीर्घ: गरीब, वकील, फूल, तूप, माहीत. हा नियम मराठी शब्दांचा आहे. संस्कृतातून आलेले शब्द मुळाप्रमाणे चालतात, म्हणून गुण, विष, मंदिर, नागरिक ऱ्हस्वच.

त्या शब्दाला प्रत्यय लागून रूप बदलले की दीर्घ अक्षर ऱ्हस्व होते: गरिबाला, वकिलाने, फुलाचा, तुपात. तत्सम, म्हणजे संस्कृतातून जसेच्या तसे आलेले, शब्द इथेही हलत नाहीत: शरीराला, सूत्राने. ‘मला माहीत आहे’ आणि ‘मला माहिती हवी आहे’ यांतली वेलांटी का बदलते, हेही या दोन नियमांवरून कळते.

अनुस्वार किंवा जोडाक्षर यांच्या आधीचा इकार-उकार मराठी शब्दांत ऱ्हस्व: लिंबू, सुंठ, विस्तव. तत्सम शब्द पुन्हा वेगळे: तीव्र, सूक्ष्म, कीर्ती, शीर्षक, आशीर्वाद. ‘शिर्षक’ आणि ‘आशिर्वाद’ या दोन चुका यामुळेच इतक्या दिसतात.

शंका आली की प्रश्न एकच: शब्द संस्कृतातला आहे की मराठीत घडलेला? उत्तर माहीत नसेल तर कोश उघडा. मोल्सवर्थचा १८५७ चा मराठी-इंग्रजी कोश शिकागो विद्यापीठाच्या संकेतस्थळावर मोफत शोधता येतो. त्यातले ऱ्हस्व-दीर्घ आजच्या नियमांआधीचे आहे, पण शब्दाचे मूळ आणि अर्थछटा यांसाठी तो फार उपयोगी आहे.

हिंदीच्या वळणाने

‘मला पुस्तक भेटलं.’ माणसे भेटतात, वस्तू मिळतात. ‘माझी मदत कर’ नव्हे, ‘मला मदत कर’. ‘तो मला बोलला की उद्या ये’ यात दोन पर्याय आहेत: ‘तो मला म्हणाला’ किंवा ‘तो माझ्याशी बोलला’. बोलणे माणसाशी असते. काय बोलला ते सांगायचे असेल तर म्हणणे हवे. आणि ‘म्हंटलं’ लिहू नका. ‘म्हटलं’ मध्ये अनुस्वार नाही.

जास्त धोकादायक आहेत ते दोन्ही भाषांत दिसणारे, पण अर्थ वेगळा असलेले शब्द. ‘खुलासा’ मराठीत स्पष्टीकरणाला म्हणतात. कर्मचाऱ्याकडून खुलासा मागवतात. वाहिन्यांवरचा ‘धक्कादायक खुलासा’ हा खरे तर गौप्यस्फोट असतो. ‘यातायात’ म्हणजे मराठीत दगदग, हिंदीत रहदारी. ‘आपत्ती’ मराठीत संकट, हिंदीत हरकत. ‘शिक्षा’ शब्दाबद्दल सांगायलाच नको. हिंदी बातमीचा मराठी मजकूर करताना या चार शब्दांखाली आधी रेघ मारा, मगच पुढे जा.

पत्रिका, फलक, श्रद्धांजली

इथली चूक शेकडो घरांत जाते आणि जपून ठेवली जाते, म्हणून इथे दुप्पट वेळ द्यावा. लग्नपत्रिकेत वरासाठी ‘ज्येष्ठ चिरंजीव’, ‘जेष्ठ’ नव्हे. वधूसाठी ‘चि. सौ. कां.’, ‘कां’वर अनुस्वार हवा, कारण पूर्ण शब्द सौभाग्यकांक्षिणी. मुहूर्तात ‘हू’ दीर्घ. ‘शुभार्शिवाद’ हा शब्द नाही. शुभ + आशीर्वाद म्हणजे शुभाशीर्वाद. खाली ‘विनीत’, आणि जेवणाचे ‘प्रीतिभोजन’.

वाढदिवसाचे ‘अभीष्टचिंतन’: अभि + इष्ट, म्हणून भी दीर्घ. साठीच्या समारंभाला ‘षष्ट्यब्दिपूर्ती’. षष्टि म्हणजे साठ, षष्ठी म्हणजे सहावी. ठ घातला तर साठ वर्षांचा सत्कार सहाव्यावर येतो. ‘स्मृतिदिन’ आणि ‘दिनदर्शिका’ यांत दि ऱ्हस्व. ‘दीन’ म्हणजे गरीब, लाचार.

टंकलेखन आणि छपाई

काही चुका ज्ञानाच्या नसतात, कळफलकाच्या असतात. द्ध हे जोडाक्षर आधी द्, मग ध. उलट टंकले की ‘ध्द’ होते आणि बुध्द, शुध्द, प्रसिध्द, श्रध्दांजली छापून येतात. इनस्क्रिप्ट कळफलकावर क्रम असा: ओ (द), डी (पाय मोडणे), शिफ्ट-ओ (ध).

दुसरे ठिकाण ‘ऱ्य’. ‘दर्या’ म्हणजे समुद्र, ‘दऱ्या’ म्हणजे डोंगरांमधल्या. ‘आचार्यांना’ बोलावले तर गुरुजन येतात, ‘आचाऱ्यांना’ बोलावले तर स्वयंपाकी. साध्या र ला पाय मोडून य दिला की रफार वर जातो. त्यासाठी नुक्त्याचा ऱ लागतो: इनस्क्रिप्टवर शिफ्ट-जे, मग डी, मग य. तिसरे ठिकाण ‘हृदय’: ह ला ऋकार द्यायचा, ह् ला र जोडून ‘ह्रदय’ नव्हे.

मजकूर पाठवण्याआधी शोधा-बदला वापरून ‘ध्द’, ‘र्या’, ‘ह्रद’, ‘महत्व’, ‘तत्व’, ‘अनाधि’, ‘शिर्ष’, ‘आशिर्’ एकेक शोधा. ‘र्या’ मात्र आपोआप बदलू देऊ नका, नाही तर ‘कार्यालय’चे ‘काऱ्यालय’ होईल. प्रत्येक ठिकाण डोळ्यांनी तपासा. मग शेवटच्या ओळीपासून पहिलीकडे वाचत या. अर्थाचा ओघ तुटला की डोळा अक्षर पाहू लागतो. नावे दुसऱ्या कुणाकडून मोठ्याने वाचून घ्या.

छापखान्यात युनिकोड मजकूर जुन्या फाँटमध्ये बदलला जातो, तेव्हा नेमकी जोडाक्षरे फुटतात. त्यामुळे तुमची फाइल बिनचूक असली तरी तेवढ्यावर भागत नाही. अंतिम मांडणीची कागदी प्रत मागा, त्यात द्ध, ऱ्य, ज्ञ, ष्ट्य आणि रफार असलेल्या प्रत्येक शब्दावर पेनाने खूण करा आणि सगळ्या खुणा झाल्यावरच छपाईला संमती द्या.